वाचकांचे प्रश्न : पत्र्याच्या कडेवर तरंगाचा मोड बदलतो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पातळ पत्र्यातल्या स्थितिस्थापक तरंगांबद्दल आहेत, आणि बहुतेकांची अडचण एकच आहे : तरंग कडेवर आपटून परततो तेव्हा त्याचा मोड, म्हणजे कंपनाची तऱ्हा, बदलतो, आणि तो कधी, किती बदलेल याचा अंदाज येत नाही. हा अंदाज करता येतो. त्याहून पुढे जाऊन तो बदल हवा तसा घडवताही येतो. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

आधी ओळख. पत्र्यातल्या या तरंगांचे पूर्ण गणित हॉरेस लॅम्ब यांनी १९१७ साली मांडले, म्हणून त्यांना लॅम्ब तरंग म्हणतात. कमी वारंवारतेला पत्र्यात तीनच मोड चालतात. एस-० मध्ये पत्रा ताणला आणि दाबला जातो. मध्यप्रतलाच्या, म्हणजे जाडीच्या बरोबर मधल्या प्रतलाच्या, वरची आणि खालची बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असतात. ए-० मध्ये पत्रा वाकतो. एसएच-० मध्ये कण पत्र्याच्या प्रतलातच, पण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात. खालचे सगळे आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, २ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचे आहेत. त्यात एस-० चा वेग सेकंदाला सुमारे ५४०० मीटर आणि एसएच-० चा सुमारे ३१०० मीटर. ए-० चा वेग वारंवारतेनुसार बदलतो.

प्रश्न : पत्र्यावर १० मिमी व्यासाची पीझेडटी (व्होल्टेज दिल्यावर आकार बदलणाऱ्या सिरॅमिकची) चकती चिकटवून १०० किलोहर्ट्झचा, पाच आवर्तनांचा सिग्नल सोडतो. ही चकती कडेपासून ४०० मिमीवर आहे, ग्राहक चकती त्याच रेषेत कडेपासून २०० मिमीवर. कडेवर एस-० चे ए-० होत असावे असे वाटते, पण पडद्यावरचा कोणता पुंजका कोणाचा हे कळत नाही. — एम.टेक.चा विद्यार्थी, पुणे

उत्तर : पडद्याकडे पाहण्याआधी कागदावर वेळा मांडा. १०० किलोहर्ट्झला ए-० चा समूहवेग, म्हणजे अख्ख्या पुंजक्याचा वेग, सेकंदाला साधारण २३०० मीटर आहे. थेट एस-० ३७ मायक्रोसेकंदांनी पोचेल, थेट ए-० ८७ नी. एस-० जाऊन एस-० म्हणूनच परतला तर १११. जाताना एस-० आणि येताना ए-० असेल तर १६१, उलट असेल तर २११. ए-० जाऊन ए-० परतला तर २६१. तुमच्या सिग्नलची लांबी ५० मायक्रोसेकंद आहे, त्यामुळे ८७ ला सुरू होणारा थेट ए-० आणि १११ ला येणारा परावर्तित एस-० एकमेकांवर चढणारच. गोंधळ इथून सुरू होतो.

आता मुख्य मुद्दा. कड चौकोनी असेल, म्हणजे पत्र्याच्या पृष्ठाशी काटकोनात, आणि मोकळी असेल, तर एस-० चे ए-० मुळीच होत नाही. तरंग कोणत्याही कोनात येऊ द्या. मध्यप्रतलाच्या दोन्ही बाजू सारख्या असताना सममित तरंगातून (एस-०) प्रतिसममित तरंग (ए-०) जन्मू शकत नाही. १६१ किंवा २११ मायक्रोसेकंदांशी खरेच काही दिसत असेल तर तो तुमच्या कडेचा दोष आहे, आणि तो शोधण्याचा हा चांगला मार्ग आहे. शिअरिंग मशीनवर कापलेल्या पत्र्याला एका बाजूला गोलाई येते आणि दुसऱ्या बाजूला बर (धारदार कंगोरा) राहते. ही कड सममित नसते. ती मिलिंग करून घ्या, किंवा दोन जाड सपाट पट्ट्यांमध्ये पत्रा आवळून बारीक कानशीने घासा आणि गुण्या लावून तपासा. कडेला एकाच पृष्ठावर चिकटपट्टी, गोंदाचा थेंब किंवा क्लॅम्पचा जबडा असला तरी हेच होते.

तुम्हाला दिसणारा ए-० बहुधा कडेवर तयार झालेलाच नाही. एकाच पृष्ठावर चिकटवलेली चकती सुरुवातीलाच एस-० आणि ए-० दोन्ही सोडते. १०० किलोहर्ट्झला ए-० ची तरंगलांबी १३ मिमी आणि एस-० ची ५४ मिमी. १० मिमीची चकती पहिल्याला चांगली जुळते, दुसऱ्याला फारशी नाही. ए-० काढून टाकायचा असेल तर तशीच दुसरी चकती बरोबर मागच्या पृष्ठावर लावा. दोन्हींचे धन टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, पत्रा अर्थ करा आणि दोन्ही बाहेरच्या टोकांना एकच व्होल्टेज द्या. दोन्ही एकदम फुगतात, एकदम आक्रसतात आणि एस-० उरतो. एकीचे व्होल्टेज उलटे केले की ए-० उरतो. दोन्ही चकत्यांची केंद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. चिकटवण्याआधी दोघींची धारिता मोजून दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळणारी जोडी निवडा. तरी थोडा ए-० उरतोच; मग एका चकतीचे व्होल्टेज हळूहळू बदलून तो किमान करा.

ओळख पटवण्याची एक सोपी चाचणी सांगतो. चकत्यांच्या मधल्या पत्र्यावर तेलाचे बोट दाबून धरा. ए-० मध्ये पृष्ठ वरखाली हलते, म्हणून तो ठळकपणे घटतो. एस-० जवळपास तसाच राहतो.

प्रश्न : कोणतीही खाच, भोक किंवा जोड न करता, नुसत्या कडेवरून एका मोडचे पूर्ण दुसऱ्यात रूपांतर करता येते का? — संशोधक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : येते. ही या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एस-० कडेवर तिरपा आला की त्यातून ए-० निघत नाही, पण एसएच-० निघतो, कारण हे दोन्ही मध्यप्रतलाशी सममित आहेत. दिशा स्नेलच्या नियमाने ठरते : स्तंभिकेशी (कडेला काढलेल्या लंबाशी) असलेल्या कोनाची ज्या (साइन) भागिले वेग, हे गुणोत्तर दोन्ही तरंगांना सारखे. किती ऊर्जा कुणाकडे जाईल हे दोन वेगांच्या गुणोत्तरावर आणि कोनावर ठरते. पातळ पत्र्यात या गुणोत्तराचा वर्ग २ भागिले (१ वजा पॉइसनचे गुणोत्तर) इतका येतो. पॉइसनचे गुणोत्तर म्हणजे पदार्थ ताणला की तो आडवा किती आक्रसतो याचे माप; ॲल्युमिनियमचे ते ०.३३ आहे. ते एक तृतीयांश धरले तर वर्ग बरोबर ३ येतो, आणि मग गणित विलक्षण सुटसुटीत होते : एस-० स्तंभिकेशी ६० अंशांत आला तर परावर्तित एस-० शून्य होतो आणि सगळी ऊर्जा ३० अंशांत निघणाऱ्या एसएच-० मध्ये जाते. घन माध्यमातल्या भूकंपतरंगांच्या अभ्यासकांना हा परिणाम ओळखीचा वाटेल. तिथे पॉइसनचे गुणोत्तर ०.२५ लागते, पत्र्यात तेच काम ०.३३ वर होते.

कोन बदलला तर काय होते ते पाहा. लंब आपतनात, म्हणजे कडेवर सरळ समोरून येताना, एस-० पूर्ण परततो. ३० अंशांवर परतणाऱ्या एस-० चा आयाम मूळच्या ६३ टक्के, ४५ वर २८ टक्के, ५० वर १७ ते १८ टक्के, ५५ वर ८ टक्के, ६० वर शून्य. पुढे तो पुन्हा किंचित वाढतो, पण ७ टक्क्यांच्या आसपासच थांबतो आणि ७७ अंशांजवळ पुन्हा शून्य होतो. त्यापुढे मात्र झपाट्याने चढतो. ८५ अंशांवर ३५ टक्के. म्हणजे ५५ ते ७८ अंशांचा बराच रुंद पट्टा हाताशी आहे आणि कोन एखाद-दोन अंश चुकला तरी बिघडत नाही. प्रयोगासाठी ६० च निवडा. ७७ अंशांवर तरंग कडेला जवळजवळ घासून जातो, आणि त्यासाठी लागणारी कड अवाजवी लांब होते.

मांडणीचे आकडे २०० किलोहर्ट्झसाठी देतो. एस-० ची तरंगलांबी २७ मिमी, एसएच-० ची साडेपंधरा मिमी. एका चकतीतून तरंग सगळीकडे पसरतो आणि ‘६० अंश’ या शब्दाला अर्थच उरत नाही, त्यामुळे सरळ पट्टा हवा. तो किमान पाच तरंगलांब्या, म्हणजे १३५ मिमी रुंद ठेवा. त्यासाठी चकत्यांची ओळ लावा. दोन चकत्यांच्या केंद्रांतले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे १३ मिमीपेक्षा, जास्त नको. १३५ मिमीचा पट्टा ६० अंशांवर कडेचा २७० मिमी भाग व्यापतो, म्हणून कड ४०० मिमी तरी लांब घ्या. बाहेर पडणारा एसएच-० चा पट्टा सुमारे २३४ मिमी रुंद होईल. तो रुंदावला म्हणून आयाम घटेल असे वाटते, पण एसएच-० त्याच प्रमाणात संथ चालतो आणि दोन्ही परिणाम एकमेकांना पुरे पडतात. ६० अंशांच्या आपतनाला बाहेर पडणाऱ्या एसएच-० चे विस्थापन येणाऱ्या एस-० च्या विस्थापनाइतकेच असते. मोजमापात ते खूप कमी भरले तर दोष ग्राहकात आहे असे समजा.

आणि तो बहुतेकदा तिथेच असतो. साधी गोल पीझेडटी चकती पत्र्याचे ताणणे-आक्रसणे ओळखते. एसएच-० ला ती जवळपास दादच देत नाही. शिअर प्रकारची पीझेडटी, निकेलची किंवा लोह-कोबाल्ट मिश्रधातूची चुंबकताणी पट्टी, नाहीतर आलटून-पालटून ध्रुव ठेवलेल्या चुंबकांचा ईमॅट (विद्युतचुंबकीय ग्राहक), यांपैकी काहीतरी लागेल. ईमॅटमधल्या चुंबकांची जोडी, म्हणजे एक उत्तर आणि एक दक्षिण मिळून, एसएच-० च्या तरंगलांबीइतकी धरा.

हाच रस्ता उलटही चालतो : एसएच-० ३० अंशांत आणला तर पूर्ण एस-० होऊन ६० अंशांत निघतो. पण ३५ अंशांच्या पुढे गेलात तर एस-० ला निघायला कोनच उरत नाही आणि एसएच-० जसाच्या तसा परततो. रूपांतर नकोच असेल तेव्हा हा कोन वापरा.

पत्रा दुसऱ्या धातूचा असेल तर कोन पुन्हा काढा. ०.२९ गुणोत्तराच्या पोलादाला पहिला कोन ५४ अंशांजवळ येतो. गुणोत्तर वाढत जाते तसे दोन्ही कोन एकमेकांकडे सरकतात, आणि साधारण ०.३६ च्या पुढे असा कोन उरतच नाही. शिसे ०.४४ च्या आसपास आहे, त्याच्या पत्र्यावर हा प्रयोग करू नका. लाटलेल्या पत्र्यात लाटण्याच्या दिशेने आणि तिला आडवा असे वेग थोडे वेगळे असतात; तुमच्या पत्र्यावर दोन्ही दिशांनी वेग मोजून मगच कोन पक्का करा.

प्रश्न : तिरपा ए-० चौकोनी कडेवर आला तर त्याचेही एसएच-० होते का? — अभियंता, नाशिक

उत्तर : नाही. वारंवारता गुणिले जाडी १.५५ मेगाहर्ट्झ-मिमीच्या खाली असेपर्यंत, म्हणजे २ मिमी पत्र्यात ७७५ किलोहर्ट्झच्या खाली, प्रतिसममित गटात ए-० एकटाच चालतो. तो ए-० म्हणूनच पूर्ण परततो. फक्त त्याच्या फेजमध्ये (आवर्तनातल्या टप्प्यात) मोठा बदल होतो. कमी वारंवारतेला लंब आपतनात तो ९० अंशांचा असतो. वेळेवरून कडेचे अंतर काढताना हा बदल धरला नाही तर कड प्रत्यक्षापेक्षा थोडी सरकलेली वाटते. १.५५ ओलांडल्यावर ए-१ आणि एसएच-१ दोन्ही जागे होतात आणि हे साधेपण संपते.

प्रश्न : आम्हाला उलटे हवे आहे. एस-० दूरवर पाठवायचा, कारण तो कमी पसरतो आणि कमी झिजतो, पण परतताना ए-० हवा. कडेजवळ एक खाच पाडली तर जमेल का? खोली किती, अंतर किती? — संरचना-तपासणी करणारा गट, पुणे

उत्तर : जमेल, पण खाच एकाच पृष्ठावर पाडा. दोन्ही पृष्ठांवर समोरासमोर सारखी खाच पाडली की सममिती पुन्हा जुळते आणि रूपांतर शून्य होते. आरपार चिरेचेही तसेच. म्हणून ‘खोल तितके चांगले’ हा अंदाज फसतो : खोली शून्य असताना रूपांतर शून्य, खाच पूर्ण आरपार गेली तरी शून्य, आणि कमाल मध्ये कुठेतरी. सुरुवात जाडीच्या निम्म्या खोलीने, म्हणजे १ मिमीने करा.

कारण समजले की अंतरही आपोआप समजते. एस-० चे बल पत्र्याच्या मध्यप्रतलातून जाते. एका बाजूने खाच पाडलेल्या जागी उरलेल्या धातूचा मध्य खाली सरकतो, बल त्या मध्यापासून बाजूला पडते आणि तिथे वाकवणारा आघूर्ण तयार होतो. तोच ए-० सोडतो. म्हणजे खाचेच्या जागी एस-० चा ताण जितका जास्त तितका ए-० जास्त. मोकळ्या कडेवर हा ताण शून्य असतो, कारण येणारा आणि परतणारा एस-० तिथे एकमेकांचा ताण खोडतात. कडेपासून पाव तरंगलांबीवर मात्र ते मिळून ताण दुप्पट करतात. म्हणून अगदी कडेला लागून पाडलेली खाच जवळजवळ काहीच करत नाही. अर्ध्या तरंगलांबीवरची खाचही तशीच निकामी. २०० किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे ६.७ मिमी.

इथे एक गुंतागुंत आहे. खाचेतून निघालेला ए-० दोन्हीकडे जातो. कडेकडे गेलेला भाग परत येऊन दुसऱ्या भागात मिसळतो, आणि ते एकमेकांना पूरक ठरतात की मारक हे अंतरावर अवलंबून असते. २०० किलोहर्ट्झला ए-० ची तरंगलांबी साडेआठ मिमीच्या आसपास आहे, त्यामुळे हा चढउतार दर सव्वाचार मिमीला पुन्हा येतो. म्हणून ६.७ हा अंतिम आकडा धरू नका. ५ ते ९ मिमी या पल्ल्यात अर्ध्या-अर्ध्या मिमीने अंतर बदलून आधी संगणकावर पाहा, मग पत्र्याला हात लावा. खाचेची रुंदी १ मिमी किंवा कमी ठेवा. रुंद खाचेच्या दोन भिंती वेगवेगळे प्रतिध्वनी देतात आणि हिशेब आणखी फाटे फोडतो.

एका खाचेतून पूर्ण रूपांतराची अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी उथळ खाचांची ओळ जास्त चांगली, कारण तिच्यात निवड करता येते. परतताना एस-० चा ए-० व्हावा यासाठी खाचांमधले अंतर हे दोन्ही तरंगलांब्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज इतके ठेवतात. २०० किलोहर्ट्झला हे ६.५ मिमी येते. तेच अंतर १३.५ मिमी ठेवले तर एस-० चा एस-० म्हणूनच परतण्याचा भाग वाढतो, आणि ४.३ मिमीला ए-० चा ए-० म्हणून. साडेसहावर या दोन्हींपासून पुरेसे लांब राहता येते. खोली ०.२ ते ०.३ मिमी आणि दहा-बारा खाचा घेतल्या तर पट्टी ६५ ते ८० मिमी लांब होते.

सगळ्यात चांगली रचना अशी : तेवढ्याच खाचा खालच्या पृष्ठावरही पाडा, पण अर्ध्या अंतराने, म्हणजे सव्वातीन मिमीने, सरकवून. मग वरच्या आणि खालच्या खाचांचे सममित परिणाम एकमेकांना खोडतात आणि प्रतिसममित परिणामांची बेरीज होते. नको असलेले परावर्तन मावळते, हवे असलेले वाढते. सरकवणे चुकून शून्य झाले तर मात्र नेमके उलट होईल, तेव्हा पत्रा उलटवल्यावर संदर्भासाठी पत्र्याच्या त्याच कोपऱ्याचा आधार घ्या.

खाचांच्या ओळीवर पाच आवर्तनांचा सिग्नल सोडून निराश झालेले बरेच जण पाहण्यात येतात. दहा खाचांची ओळ वारंवारतेच्या साधारण दहा टक्के रुंदीतच नीट काम करते, आणि पाच आवर्तनांच्या सिग्नलचा वर्णपट त्याहून कितीतरी रुंद असतो. पंधरा-वीस आवर्तने द्या. २०० किलोहर्ट्झला वीस आवर्तने म्हणजे १०० मायक्रोसेकंद, तेव्हा इतर कडा तितक्या दूर हव्यात.

प्रश्न : लंब आपतनातच एस-० चा एसएच-० करायचा आहे, तिरपे आपटवायला जागा नाही. तिरप्या चिरांच्या पट्टीबद्दल वाचले. ती कशी काम करते?

उत्तर : सममित कडेवर लंब आपतनात एस-० आणि एसएच-० एकमेकांत मिसळत नाहीत, कारण डावे-उजवे सारखे असते. ही सममिती मोडण्यासाठी कडेजवळच्या पट्टीत आरपार, तिरप्या, समांतर चिरा पाडतात. चिरा आरपार असल्याने मध्यप्रतलाची सममिती टिकते आणि ए-० डोके वर काढत नाही. चिरा तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान आणि दाट असल्या की ती पट्टी एका दिशेला कडक, दुसऱ्या दिशेला मऊ अशा पदार्थासारखी वागते. येणारा एस-० तिच्यात दोन वेगवेगळ्या वेगांच्या तरंगांत फुटतो. या दोन तरंगांची कंपनदिशा येणाऱ्या तरंगाशी अधिक आणि वजा ४५ अंशांत असेल, आणि पट्टीत जाऊन-येऊन त्यांच्या फेजमध्ये १८० अंशांचा फरक पडला, तर बाहेर पडताना त्यांची बेरीज नेमकी आडव्या कंपनाची, म्हणजे एसएच-० ची होते. एकतर्फी प्रवासात ९० अंशांचा फरक पडेल इतकी पट्टीची रुंदी ठेवायची. आरपार जाणाऱ्या तरंगासाठी असेच मोडबदलाचे अनुनाद सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या युन यंग किम यांच्या गटाने २०१७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडले आणि प्रयोगाने दाखवले.

कागदावरचे हे चित्र प्रत्यक्षात बिघडते ते पट्टीच्या तोंडाशी. चिरांमुळे पट्टी पत्र्यापेक्षा मऊ आणि किंचित हलकी होते, त्यामुळे काही एस-० आत न शिरताच परततो. म्हणून रुंदी, चिरांचा तिरपेपणा आणि लांबी हे तिन्ही एकत्र बदलत योग्य मेळ शोधावा लागतो. चिरा लेझरने कापल्या तर टोकांना वितळलेला धातू राहतो. वायर-ईडीएमने (तारेच्या विद्युत ठिणगीने) कापलेल्या जास्त स्वच्छ येतात.

प्रश्न : उच्च वारंवारतेला कडेवर येणारा तरंग आला त्याच वाटेने उगमाकडे परततो असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. एस-१ मोडला एका वारंवारतेवर समूहवेग शून्य होतो. ॲल्युमिनियममध्ये हे वारंवारता गुणिले जाडी साधारण २.९ मेगाहर्ट्झ-मिमीला येते, म्हणजे २ मिमीत १.४ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिच्या जरा वर एस-१ सोबत एक असा मोड असतो ज्यात ऊर्जा एका दिशेने आणि फेज उलट दिशेने चालते. पॅरिसच्या लांजव्हँ संस्थेतल्या गटाने २०१६ साली ड्युरॅल्युमिनच्या (ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूच्या) पत्र्यावर दाखवले की मोकळ्या कडेवर एस-१ चे या उलट्या मोडमध्ये फार परिणामकारक रूपांतर होते, आणि तेही बहुतेक सगळ्या कोनांत. मग परावर्तन स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूला न जाता आलेल्या बाजूलाच जाते आणि साधी सरळ कड तरंग एकत्र आणते. इथे जाडीतला फरक जीवघेणा ठरतो : पत्रा एक टक्का पातळ असेल तर वारंवारता एक टक्का वर सरकते, आणि हा सगळा खेळ तेवढ्याच पट्ट्यात चालतो. मायक्रोमीटरने पत्र्याची जाडी दहा ठिकाणी मोजल्याशिवाय सुरू करू नका.

प्रश्न : लेझर व्हायब्रोमीटरने मोजले तर परावर्तित तरंगात ए-० नव्वद टक्के दिसतो. संगणकावरच्या गणितात मात्र तो बराच कमी आहे. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतात, चूक तुलनेत आहे. समोरून पाहणारा व्हायब्रोमीटर पृष्ठाला लंब हालचाल मोजतो. एस-० मध्ये २०० किलोहर्ट्झला ही हालचाल त्याच्या प्रतलातल्या हालचालीच्या जेमतेम ११-१२ टक्के असते, आणि एसएच-० मध्ये ती शून्य. ए-० मध्ये मात्र लंब हालचालच मुख्य असते. म्हणून मोजलेल्या आयामांची थेट टक्केवारी काढू नका. प्रत्येक मोडचा आयाम त्याच्या ऊर्जाप्रवाहात बदलून घ्या आणि मग बेरीज १०० च्या आसपास येते का ते पाहा. ती ७० आली तर उरलेले एसएच-० मध्ये गेले आहे का हे तपासा.

मोड वेगळे करण्यासाठी एका रेषेत अनेक ठिकाणी मोजा आणि स्थळ-काळ असे द्विमितीय फूरियर रूपांतर करा. ॲलेन आणि कॉली यांनी १९९१ साली ही पद्धत लॅम्ब तरंगांसाठी मांडली. आजही तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. २०० किलोहर्ट्झला २ मिमीच्या टप्प्याने किमान २०० मिमी रेषा मोजा. टप्पा ए-० च्या अर्ध्या तरंगलांबीहून, म्हणजे ४.३ मिमीहून, मोठा असेल तर ए-० चुकीच्या जागी दिसेल; रेषा आखूड असेल तर एस-० ची रेघ जाड आणि धूसर होईल. येणारे आणि परतणारे तरंग तरंगांकाच्या (ठरावीक लांबीत किती तरंग बसतात त्या आकड्याच्या) चिन्हावरून आपोआप वेगळे होतात.

संगणकावरचे गणितही तपासून पाहा. द्विमितीय छेदात काम केले असेल तर त्यात एसएच-० ला जागाच नसते. जाडीत किमान चार, जमल्यास सहा घटक (गणितासाठी पाडलेले पत्र्याचे छोटे तुकडे) ठेवा. लांबीत सर्वांत आखूड तरंगलांबीला वीस घटक पुरेत. २०० किलोहर्ट्झला ०.४ मिमीचा घटक त्याहून थोडा बारीकच होतो. काळाचा टप्पा ०.०५ मायक्रोसेकंद किंवा कमी. कवच (शेल) प्रकारचे घटक वापरले असतील तर एका पृष्ठावरची खाच त्यांना आपोआप कळत नाही. जाडी कमी करून मध्यप्रतल तिथेच ठेवले की रूपांतर शून्य येते आणि ते निकालासारखे वाटते. मध्यप्रतल सरकवून द्यावे लागते.

शेवटी इतर कडांबद्दल. त्यांवरून येणारे परावर्तन दाबण्यासाठी मऊ मातीच्या पट्ट्या लावतात. त्या ए-० चांगला शोषतात, एस-० आणि एसएच-० फारसे शोषत नाहीत. एस-० साठी पत्रा मोठा घेणे आणि वेळेची खिडकी नेमकी ठेवणे हाच उपाय. माती लावायची असेल तर दोन्ही पृष्ठांवर सारखी लावा आणि पट्टीची सुरुवात निमुळती ठेवा. एकाच बाजूला एकदम जाड थर दिला तर तीच एक नवी असममित कड होते, आणि त्या ठिकाणाहून नको असलेला ए-० परतू लागतो.